माप लहान, टिपा तेवढ्याच
सातारा-सांगलीतले मुलांचे हातशिवणीचे कपडे, बाहुलीचे जोड आणि शिवणारीचा मोबदला : एक आढावा

मुलीला खणाचं परकर-पोलकं आणि उरलेल्या तुकड्यातून तिच्या बाहुलीलाही तसंच, अशी जोडी शिवून मागणारी घरं आता साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत भेटतात. कुणाला ती वाढदिवसाला हवी असते, कुणाला बोरन्हाणाला, कुणाला परदेशातल्या नातीला पाठवायला. कापड साताऱ्याच्या खण आळीत किंवा सांगलीच्या कापड पेठेत मिळतं आणि शिवून मिळतं ते गल्लीतल्या एखाद्या ताईंकडे, ज्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलेलं असतं. हात तयार आहेत, कापड जवळ आहे, हौसही आहे. तरी ब्लाउज शिवणारीचं जसं बस्तान बसतं, तसं लहान मुलांचे कपडे शिवणारीचं बसत नाही. असं का होतं आणि ते बदलता येईल का, हे पाहण्यासाठी या कामाच्या सगळ्या बाजू एकदा एकत्र मांडायला हव्यात.

अंगडं-टोपड्याची परंपरा

बारशाला आजोळहून बाळंतविडा येतो. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, लंगोट असा तो सगळा सरंजाम. पहिल्या काही दिवसांत मात्र बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, अशी जुन्या घरांची रीत. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं झबलं शिवायचं, कारण कोऱ्या कापडात खळ असते आणि ती बाळाच्या कातडीला टोचते. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्याची खळ केव्हाच गेलेली असते. झबल्याला बंद ठेवतात तेही विचारपूर्वक. मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढणं धोक्याचं, म्हणून पाळण्यात आडवं असतानाच हात घालून बंद बांधता यावेत अशी त्याची रचना. जाणती बाई झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवते, म्हणजे आतून काही रुतत नाही.

कुंची म्हणजे डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारा कपडा. ती खणाची असते किंवा जुन्या रेशमी साडीच्या काठापदराची. अंगाखाली आणि अंगावर वाकळ. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गोधडीला वाकळ म्हणतात आणि तान्ह्या बाळाची छोटी वाकळ हा घरातल्या म्हाताऱ्या बाईचा मान असतो. पुढे संक्रांतीच्या सुमाराला बोरन्हाण. त्यासाठी काळं झबलं किंवा काळा फ्रॉक आणि वर हलव्याचे दागिने. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत असे किमान चार-पाच प्रसंग येतात, जिथे तयार कपड्यापेक्षा शिवलेला कपडा लोकांना हवासा वाटतो.

इवल्या मापाचं शिवण आपल्याकडे देवघरातही आहे. गोकुळाष्टमीच्या पाळण्यातल्या बाळकृष्णाचं अंगडं, रामनवमीला रामाची वस्त्रं, उभ्या गौरींचा साज, हे सगळं घरच्या बायका हाताने करत आल्या आहेत. चार बोटं उंचीच्या मूर्तीला अंगडं बसवणारीला बाहुलीचं पोलकं जमतं. त्यामुळे बाहुलीच्या जोडाची आजची मागणी नवी असली, तरी त्यासाठी लागणारं कसब या मातीत आधीपासून आहे.

बाहुलीचा हिस्सा

पूर्वी बाहुलीचे कपडे कुणी विकत शिवून घेत नसे. चिंध्यांची बाहुली, तिला शिंप्याकडून मागून आणलेल्या कातरणाची साडी, लाकडी ठकी असेल तर तिला परकर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहुला-बाहुलीचं लग्न. या लग्नाच्या निमित्ताने मुली पहिला धावदोरा शिकत. गाठ कशी मारायची, टाका समान कसा घ्यायचा, कापडाची उलट-सुलट बाजू कशी ओळखायची हे त्या बाहुलीच्या पोलक्यावर शिकत आणि चुकलं तरी नुकसान एका चिंधीचंच होई. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाआधी शिवणाची ही शाळा ओसरीवर भरत होती. तिथे मुलगे नव्हते, ही तिची मोठी उणीव. सुई-दोरा हातात धरायला मुलग्यांनाही तेवढ्याच लहानपणी शिकवायला हवं.

बाहुलीचा साज हे सांगलीत केवळ घरगुती कामही राहिलेलं नाही. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे कळसूत्री बाहुल्यांचेही कर्ते होते. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. राजा, राणी, राक्षस यांचं वेगळेपण प्रेक्षकाला लांबून कळायचं, तर चेहऱ्याइतकंच वस्त्रावर अवलंबून राहावं लागतं. बाहुलीच्या कपड्याकडे गंभीरपणे पाहण्याची ही सांगलीची जुनी ओळख आहे.

मूल आणि बाहुली यांना एकसारखे कपडे, ही कल्पना बाजारात मोठी केली ती अमेरिकेने. प्लेझंट रोलँड यांनी १९८६ साली 'अमेरिकन गर्ल' या अठरा इंची बाहुल्या काढल्या आणि बाहुलीसारखेच कपडे मुलींच्या मापातही विकायला ठेवले. १९९८ मध्ये बार्बीवाल्या मॅटेल कंपनीने तो उद्योग विकत घेतला. आपल्याकडच्या जोडीची घडण मात्र निराळी आहे. तिथे बाहुलीचा कपडा स्वतंत्र माल म्हणून कारखान्यात तयार होतो, इथे तो मुलीच्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून निघतो. याच फरकात आपल्या शिवणारीची संधी आहे.

कापड कुठून येतं

या पट्ट्याचं भाग्य असं, की चांगलं कापड हाताच्या अंतरावर आहे. खण येतो सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. त्याच जिल्ह्यात इरकली साडीचं इलकल. दोन्ही कापडांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खण मुळात चोळीसाठीच विणला जाई, म्हणून त्याचा पन्हा लहान, अंगभर बारीक बुट्टी आणि कडेला काठ. लहान मुलीच्या परकर-पोलक्याला हे माप फार सोयीचं पडतं. मात्र दुकानात खण म्हणून मिळणारं बरंचसं कापड यंत्रमागावरचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं. ते चमकतं छान, पण घाम शोषत नाही. मुलीच्या अंगाला ते थेट लागू नये म्हणून आतून मलमलचं अस्तर हवंच.

अस्तराला आणि रोजच्या झबल्यांना लागणारं सुती कापड इचलकरंजीचं. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे ते गाव पॉपलिन, केंब्रिक, मलमल यांचं मोठं केंद्र झालं. सांगली जिल्ह्यात विट्यालाही यंत्रमाग आहेत. म्हणजे कोऱ्या कापडासाठी मुंबई-सुरतेकडे पाहण्याची गरज नाही.

स्पर्धा आहे ती तयार कपड्यांची. आठवडी बाजारात टांगलेले झालरीचे फ्रॉक कोलकात्याच्या मेटियाब्रुझसारख्या ठिकाणांहून येतात, बनियन-चड्डीसारखे होजिअरीचे कपडे तिरुपूरहून आणि शाळेचे गणवेश शेजारच्या सोलापूरहून. तिथे एकाच मापाचे शेकडो नग एकाच वेळी कापले जातात. त्या भावात घरातल्या मशीनवर शिवणं कुणालाच परवडणार नाही. घरच्या शिवणारीने त्या भावाशी झुंजूच नये. तिने तयार कपडा जे देऊ शकत नाही ते द्यावं : मुलाच्या अंगाला बसणारं माप, वाढीसाठी आत सोडलेलं कापड, आजीच्या साडीचा पुनर्वापर आणि बाहुलीचा जोड.

एक जोडी शिवताना

हे काम जवळून पाहिल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. मुलगी चार वर्षांची, उंची सुमारे चाळीस इंच, छाती साडेबावीस धरू. बाहुली दहा इंची. अस्तराचं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचा खण तसाच राहतो आणि पोलकं फुगतं. मग पुठ्ठ्यावर किंवा ब्राऊन पेपरवर आखणी. मुंढा मोठ्यांच्या मानाने सैल, कारण मूल हात वर करून खेळतं. गळ्याचा अंदाजही मोठ्यांसारखा करून चालत नाही. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून पाठ उघडी ठेवून तिथे टिचबटणं. परकराच्या घेराला कमरेच्या दुप्पट ते अडीचपट कापड, नेफ्यात इलास्टिक आणि खालच्या काठाच्या वर आतून एक टक. पुढच्या दिवाळीला तो टक उसवला की परकर दीड-दोन इंच लांब होतो. पोलक्याच्या बगलेतही दोन्ही बाजूंना इंचभर कापड सोडायचं. शिवलेला कपडा एक वर्ष जास्त चालतो, तो या आत लपलेल्या कापडामुळे.

आता बाहुली. मुलीच्या मापाला चारने भागलं की काम झालं, असं वाटतं. तसं होत नाही, कारण माप चौथाईवर आलं तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. मुलीच्या परकराइतक्याच चुण्या बाहुलीला घातल्या तर कमरेवर कापडाचा गठ्ठा होतो, म्हणून घेर दीडपटीवर थांबवावा लागतो. खणाचा काठ अख्खा घेतला तर अर्धा परकर काठातच जातो, म्हणून काठाची कडेची एक रेघच ठेवायची. शिवणीसाठी अर्ध्या इंचाऐवजी पाव इंच. गळ्याला उरेब पट्टी लावायला जागाच नसते, त्यामुळे अस्तर गळ्यावर जोडून उलटवायचं. बाही मुंढ्यात गोल बसवता येत नाही, म्हणून आधी ती सपाट जोडायची आणि मग बाहीपासून कमरेपर्यंत बगलेची शिवण एकाच टिपेत घ्यायची. प्लास्टिकच्या बाहुलीचे हात कोपरात वाकत नाहीत, त्यामुळे पोलक्याची पाठ खालपर्यंत पूर्ण उघडी हवी. सुई अकरा नंबरची, टाका बारीक. बाहीच्या वळणावर मोटर किंवा पायडल वापरून चालत नाही. उजव्या हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो.

मोल कशाचं करायचं?

इथे सगळ्या प्रश्नाचं मूळ सापडतं. माप लांबी-रुंदीत चौथाई झालं की कापड लागतं सोळावा हिस्सा. पण पोलक्याचे भाग तेवढेच : पुढा, दोन पाठी, दोन बाह्या, अस्तर, टिचबटणं. टिपा तेवढ्याच, उलट त्या घालायला जास्त अवघड. गिऱ्हाईक मात्र कापडाकडे पाहतं. 'एवढंसं तर आहे ताई, तुकड्यातच झालं' असं म्हणत शिलाई कमी करायला सांगतं. झबलं, फ्रॉक, बाहुलीचं पोलकं या सगळ्यांना हाच न्याय लागतो. ब्लाउजच्या शिलाईला लोक किंमत देतात, कारण ब्लाउज बिघडला तर महागाची साडी पडून राहते. मुलाचा कपडा बिघडला तरी 'पोराचंच आहे, चालतंय' म्हणून वेळ निभावली जाते. कसबाला दाम न मिळण्याचं कारण या 'चालतंय'मध्ये आहे.

सरकारी कामातही हीच अडचण उघडी पडली. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात सरकारी शाळांच्या गणवेशाचं कापड राज्यस्तरावरून घेऊन शिवणकाम महिला बचतगटांना देण्याची योजना आली. हेतू स्तुत्य होता, कारण गावोगावच्या बायकांना एकगठ्ठा काम मिळणार होतं. त्यात स्काऊट-गाईडच्या गणवेशाच्या शिलाईला आणि अनुषंगिक खर्चाला मिळून ११० रुपयांचा दर ठरला. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलून पुढच्या वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. यातून बायकांना शिवता येत नाही, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं ठरेल. प्रत्येक मुलाचं माप घेणं, आखणी, कापणी, काज-बटण हे सगळं एका ठरीव दरात बसवताना मापाचा वेळ कुणी धरलाच नाही. मुलांच्या कपड्यात खरं काम त्या वेळातच असतं.

दर कसा ठरवावा? कापडाच्या मीटरवर नको, कामाच्या वेळेवर ठरवावा. आखणी, कापणी, टिपा आणि हातकाम हे चार भाग शिवणारीने वेगळे मोजावेत. आखणीचा वेळ एकदाच द्यावा लागावा यासाठी दोन, चार, सहा, आठ वर्षं अशा चार मापांचे पुठ्ठे कायमचे करून ठेवावेत. बाहुलीसाठीही एखादंच माप ठरवून त्याचा पुठ्ठा पक्का करावा. अस्तराचे सहा-सहा थर एकदम कापता येतात, तिथे कारखान्याची युक्ती घरातही चालते. राहतो तो टिपांचा आणि हातकामाचा वेळ. त्याचे पैसे गिऱ्हाइकाने पूर्ण द्यायला हवेत आणि ते मागताना शिवणारीने संकोचू नये.

आधार कोणाचा?

शिवणयंत्राकडे पाहण्याचा एक सुंदर दृष्टिकोन गांधीजींनी १९२४ साली मांडला होता. यंत्रांवर कडक टीका करत असतानाही शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानलं, कारण बायकोला हाताने शिवण्याचे कष्ट पडतात हे पाहून सिंगरने ते शोधलं, असं ते सांगत. कष्ट हलके करणारं हे यंत्र बाईच्या मालकीचं असणं, हीच पहिली पायरी.

सातारा जिल्ह्यात या पायरीवर सर्वांत मोठं काम उभं राहिलं ते माण तालुक्यात. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेचा परवाना पहिल्यांदा नाकारला गेला, कारण मागणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडेमोड मात्र त्यांना तोंडी येत होती आणि तेच त्यांनी नंतर दाखवून दिलं. या दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांनी लहान कर्जावर उद्योग उभे केले आणि माणदेशीच्या उद्योगशाळेतून हिशेब, बाजार, बचत शिकल्या. शिवणारीला मशीनपेक्षाही याच शिक्षणाची जास्त गरज आहे, असं मला ठामपणे वाटतं.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे आणि पारंपरिक बाहुली व खेळणी करणारे कारागीरही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना. नोंद एकाच व्यवसायात करता येते आणि घरातल्या एकालाच, त्यामुळे बाहुली आणि तिचे कपडे दोन्ही करणाऱ्या बाईने आधी नीट विचार करून व्यवसाय निवडावा. याशिवाय १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ, 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचतगट आणि आयटीआयमधला शिवणाचा अभ्यासक्रम हे आधार आहेतच. गल्लीतल्या शिवणक्लासचा भर मात्र ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसवर असतो. मुलांच्या वयोगटांप्रमाणे मापं, वाढीचा टक, बाहुलीचं शिवण आणि दर काढण्याची रीत हे चार धडे प्रत्येक क्लासमध्ये हवेत.

सुरक्षितता

लहान मुलांसाठी शिवताना सौंदर्याच्या आधी सुरक्षितता. टोपड्याची आणि कुंचीची नाडी देखणी दिसते, पण रांगत्या मुलाच्या गळ्याभोवती ती अडकू शकते. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी चालत नाही, असं मानक आहे. आपणही टोपड्याला नाडीऐवजी मऊ इलास्टिक किंवा हनुवटीखाली आखूड पट्टी लावावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या बाहुलीच्या कपड्याला मणी, टिकल्या, सुटं बटण नको, कारण सुटलेली प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. बाहुलीच्या डोळ्यांना मणी लावण्यापेक्षा ते भरतकामाने काढावेत.

बाहुल्या करून विकणाऱ्यांनी कायदाही माहीत करून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. चिंध्यांची बाहुली कपड्यांसह विकायची असेल, तर कारागीर म्हणून ही नोंद करून घेणं शहाणपणाचं.

काय करायला हवं

सगळं एकत्र पाहिलं तर सातारा-सांगलीकडे या कामासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. गुळेदगुड्डचा खण, इचलकरंजीची मलमल, बाळंतविड्यापासून बोरन्हाणापर्यंतचे प्रसंग, देवघरातून आलेलं इवल्या शिवणाचं कसब, म्हसवडच्या माणदेशीसारखी बाईला उद्योजक मानणारी संस्था. उणीव एकाच गोष्टीची : या कामाचा दर कापडावर ठरतो, कष्टावर ठरत नाही.

ही उणीव तिघांनी मिळून भरून काढायची आहे. शिवणारीने दर लिहून भिंतीवर लावावा आणि त्यात बाहुलीच्या जोडाची शिलाई वेगळी दाखवावी. शिवणक्लास चालवणाऱ्यांनी मुलांच्या कपड्यांना ब्लाउजच्या बरोबरीचा मान द्यावा. आणि गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, पुढच्या वेळी लेकीच्या आणि तिच्या बाहुलीच्या पोलक्याची शिलाई विचारताना कापड किती लागलं हे न विचारता वेळ किती लागला हे विचारावं आणि जे उत्तर मिळेल तेवढे पैसे घासाघीस न करता हातावर ठेवावेत. मुलासाठी प्रेमाने शिवून घ्यायचं, तर शिवणाऱ्या बाईच्या घरातल्या मुलांचाही विचार त्या प्रेमात यायला हवा.